तुतीखाली न पुरलेली पिल्लं

१

मुहय्यो दवाखान्यात आली तेव्हा तिच्या कडेवर पोर होतं आणि दुसऱ्या हातात केराची पिशवी. पिशवी तिनं सरळ माझ्या तपासणीच्या टेबलावर ठेवली.

"दोख्तिर-ओपा, यांना मी मारलं असं घरचे म्हणतात. तुम्ही बघा आणि खरं काय ते सांगा."

पिशवीत चहाचा चोथा होता, कांद्याची सालं होती आणि वर्तमानपत्राच्या पुरचुंडीत कबुतराची दोन पिल्लं होती. उडायला अजून बराच अवकाश असलेली, अंगभर लांब पिवळी लव, लवेतून डोकावणाऱ्या पिसांच्या काड्या. दोघांच्याही चोची चेचून सपाट केलेल्या. मुहय्योनं मान फिरवली. सकाळी केर टाकायला गेली तेव्हा तिला ती डब्यात दिसली होती, पण पुरचुंडी नीट उघडून बघायचा धीर तिला झाला नव्हता.

ताश्कंदच्या जुन्या शहरात मी जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केली, म्हणून सगळ्यांची मी दोख्तिर-ओपा, म्हणजे डॉक्टरताई. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला आहे, कुत्र्यांच्या जखमांतले किडे वेचले आहेत. मला जनावरांची किळस येत नाही. माणसांची येते, आणि माणसांतही कबुतरवाल्यांची सगळ्यात जास्त. मुहय्यो अशाच एका नामांकित कबुतरवाल्याची, मिरकोमिल-अकांची धाकटी सून.

मिरकोमिल-अकांची पाखरं म्हणजे आमच्या मोहल्ल्याची शान. डोक्यावर दोन तुरे, पायांत पिसांचे पैंजण आणि गव्हाच्या दाण्याएवढी चोच. चोच जितकी तोकडी तितका मालकाच्या मिशीला पीळ जास्त. आता एवढ्याशा चोचीनं पाखराला स्वतःच्या पिल्लाला घास देता येत नाही. म्हणून या उमरावांची अंडी साध्या, लांब चोचीच्या कबुतरांखाली ठेवायची आणि पिल्लं त्या दाईकडून वाढवून घ्यायची. पोटच्या पोराला भरवता येऊ नये अशी आई मुद्दाम घडवायची आणि वर तिला सौंदर्य म्हणायचं! मला याची शिसारी येते, आणि मी ती लपवत नाही.

"दाई कुठं गेली?" मी विचारलं.

"ससाण्यानं उचलली. एकटा नर दमला, म्हणून मी भरवत होते. काल पहाटे सासरे, आमचे दादा, खुराड्यात गेले आणि ओरडतच बाहेर आले. म्हणाले, घास कोंबून कोंबून सूनबाईनं पिल्लांच्या चोची मोडल्या. मला आत जाऊच दिलं नाही." कडेवरचा अब्बोस तिच्या ओढणीशी झटापट करत होता. "आज दुपारच्या नमाजानंतर अंगणात मंडळी बसणार आहेत, ओपा. दादा म्हणतात, जिच्या हातून पाखराची पिल्लं जगत नाहीत, ती माझा नातू काय वाढवणार? मला माहेरी पाठवणार आणि याला ठेवून घेणार."

"ठेवून घेणार? अगं, तो अजून अंगावर पितो की!"

"हो," ती म्हणाली, आणि अब्बोसला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मी भिंग घेतलं. पिल्लाची चोच मऊ असते, रक्तानं भरलेली असते. जिवंतपणी चेचली तर गळा, छाती, सगळं माखून निघतं. इथं लवेवर रक्ताचा एक डाग नव्हता. माना मात्र दोघांच्याही पिरगळलेल्या होत्या.

"पोरी," मी म्हटलं, "कोणीतरी यांना आधी मारलं आणि मग यांच्या चोची चेचल्या."

"मेलेल्याची चोच कशाला चेचायची?"

तेच मलाही कळत नव्हतं.

२

मिरकोमिल-अका खुराड्याच्या शिडीवर बसले होते. भरतकामाची टोपी, पांढरी मिशी, डोळ्यांत पाणी. मला पाहताच त्यांनी हात छातीवर ठेवला.

"काय सांगू, ओपा? माझी फिकट सोनेरी जोडी. वर्षानुवर्षं नर निवडला, मादी निवडली, तेव्हा कुठं हे पहिलं वेत आलं. आणि त्या पोरीनं बोटांनी चोच फाकवून गरम लापशी कोंबली. बाईचा हात जड असला की असं होतं."

"कोंबताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? ती बायकांची कामं."

मी मुहय्योला म्हटलं, भरवायचीस कशी ते दाखव. तिनं बाजरीचे दाणे तोंडात टाकले, चावून चावून पातळ केले आणि ओठ चंबूसारखे पुढे काढले. पिल्लू चोच ओठांत खुपसतं आणि आपणच ओढून घेतं. पूर्वीपासून असंच चालत आलं आहे. मला ही रीत मुळीच पसंत नाही. माणसाच्या थुंकीनं पाखरं आजारी पडतात, सिरिंजला रबरी नळी लावून कोमट लापशी द्या म्हणून मी कंठशोष केला आहे. कोण ऐकतंय! पण त्या सकाळी त्या घाणेरड्या रीतीचे मी मनात आभार मानले. जी बाई ओठांनी भरवते तिची बोटं पिल्लाच्या चोचीला लागतच नाहीत. आणि लापशी कढत असती तर आधी तिचीच जीभ पोळली असती.

अंगणात तुतीचं झाड होतं. खाली मातीचे छोटे छोटे उंचवटे, प्रत्येकावर एकेक पांढरा दगड.

"हे काय?" मी विचारलं.

उत्तर मुहय्योच्या सासूनं, होसियत-ओपानं दिलं. "यांची मेलेली पाखरं. प्रत्येकाला धुतलेल्या कापडात गुंडाळून स्वतःच्या हातानं पुरतात. आमचा थोरला गेला तेव्हा इतके रडले नव्हते." होसियत बोलायला बसली की थांबत नाही, आणि मला ते हवंच होतं. "कालपासून तर अन्नच सोडलंय बघा. दुधात नान कुस्करून वाडगा घेतात आणि कोठीत जाऊन आतून कडी लावून बसतात. चारचौघांत रडायची लाज वाटत असेल."

"दूध पितात?"

"तेच तर! जन्मात कधी प्यायले नाहीत. ते वासरांचं खाणं म्हणायचे. दुःखानं माणूस बदलतो हो."

मुहय्योचा नवरा एल्मुरोद नळी धरून अंगणात पाणी मारत होता. धडधाकट, चांगला उंचापुरा माणूस. तुला काय वाटतं, म्हणून मी त्याला विचारलं.

"दादा म्हणतात तसंच असेल, ओपा," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

बायको जातेय, पोर आईविना राहतंय आणि हा अंगण धुतोय. त्याच्या हातातली नळी घेऊन त्यालाच धुवावं असं वाटलं मला.

निघताना मी होसियतला सहज विचारलं, "पिल्लं दिसायला कशी होती गं?"

ती एवढ्या दुःखातही हसली. "अगदी उंदराची पोरं! उघडीबोडकी जन्मली, अंगावर लवेचा तंतू नाही. मी म्हटलं, आजोबांचं टक्कल घेऊन आली. हो ना गं मुहय्यो? परवापर्यंत तशीच होती."

मुहय्योनं मान डोलावली. मी मात्र फाटकातच खिळून उभी राहिले. माझ्या टेबलावरच्या पिल्लांना तर बोटभर लव होती.

३

पाखरांच्या बाजारात शिरताना मी नाकाला रुमाल लावते. वासामुळे नाही, तिथं जे चालतं त्यामुळे. शोकोसिम दलालाच्या दुकानात पोपटाची पिल्लं खोक्यात एकावर एक रचलेली असतात, डोळे धड न उघडलेली. आईपासून लवकर तोडली की माणसाळतात, असं तो गिऱ्हाइकाला सांगतो. घरी नेल्यावर मरतात हे सांगत नाही. कॅनरीच्या अंगाला रंग फासतो. कबुतराच्या चोची कानशीनं घासून तोकड्या करतो आणि अस्सल जात म्हणून विकतो. त्या दिवशी एका पाटीत पिल्लं इतकी दाटली होती की खालची मेली होती आणि वरची त्यांच्यावर उभी होती.

"या दोख्तिर-ओपा!" तो दात काढून म्हणाला. "आज शिव्या की लेक्चर?"

"आधी शिव्या. खालची पिल्लं मेली आहेत, काढ ती."

"अहो, काढतो की. रस्त्यावरचा माल आहे, छपराखालून काढलेला. मांजरांना, ससाण्यांना लागतो. सध्या मागणी आहे. आता तर मोठमोठे उस्तादसुद्धा माझ्याकडून रस्त्यावरची पिल्लं नेतात..."

एवढं बोलून तो पाटी मागं सरकवू लागला.

"कुठले उस्ताद?"

"मी सहज म्हटलं."

"बाजाराच्या डॉक्टरांना बोलावते. ही पाटी दाखवते त्यांना."

शोकोसिमनं पाटीवर गोणपाट टाकलं. "ओपा, गिऱ्हाइकाचं नाव मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगतो, मी विचारलं, ससाणा पाळलात की काय? तर म्हणाले, तुला काय करायचंय?"

बाजाराच्या दाराशी चहाखाना आहे. लाव्यांचे पिंजरे टांगलेले, खाली खाटल्यावर म्हातारी मंडळी. तिथं तोलिब-अका होते, मिरकोमिल-अकांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. माझा पहिला संशय यांच्यावरच होता. तो त्यांनीच पहिल्या पेल्यात धुऊन टाकला.

"मी कशाला मारीन? ती पिल्लं माझीच होणार होती! वसंतात आमची पैज लागली. कोणाचा थवा जास्त वेळ आभाळात राहतो ते बघायचं. मिरकोमिल हरला. या खाटल्यावर उभं राहून, सगळ्यांदेखत त्यानं शब्द दिला की फिकट जोडीचं पहिलं वेत तोलिबचं. पिसं भरली की मी आणायला जाणार होतो."

"आणि आता?"

"आता काय? मरणापुढे कोणाचा इलाज! पिल्लं मेली की शब्द सुटतो, मात्र मेलेलं पाखरू समोरच्याला दाखवावं लागतं. ती आमची रीत आहे."

"दाखवलं?"

"दाखवलं. कुंपणावरून, वर्तमानपत्रात धरून. चेचलेल्या चोची दिसल्या तसं मी तोंडच फिरवलं."

मी चहा तसाच ठेवला आणि उठले. नमाज सुटायची वेळ झाली होती, आणि मिरकोमिल-अकांच्या घरी पोचायला मला फार उशीर होऊन चालणार नव्हता.

४

अंगणात गालिचे अंथरले होते. मोहल्ल्याचे अक्साकल, म्हणजे आमचे वडीलधारे पंच नेमत-बुवा, मधोमध बसले होते. मुहय्यो दाराशी बोचकं घेऊन उभी होती. अब्बोसला होसियतनं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि तो आईकडे झेपावत रडत होता. मी चहाखान्यातून तोलिब-अकांना ओढूनच आणलं होतं.

"ओपा, हा घरचा मामला आहे," मिरकोमिल-अका म्हणाले.

"मेलेली पिल्लं माझ्या टेबलावर आली, तेव्हाच तो माझा मामला झाला." मी पुरचुंडी नेमत-बुवांसमोर ठेवली. "तोलिब-अका, या इकडे. आता तोंड फिरवायचं नाही. चोच सोडा, अंग बघा."

तोलिब-अका नाक मुरडत वाकले. मग आणखी वाकले. मग त्यांनी बोटानं लव उचलली.

"ही लव...?"

"फिकट सोनेरी जोडीची पिल्लं कशी जन्मतात?"

"उघडी. साध्या रंगाची लव घेऊन, फिकट रंगाची उघडी. हे काय मला शिकवता? पोरंसोरंही जाणतात." ते ताडकन उभे राहिले. "मिरकोमिल! ही तुझ्या जोडीची नाहीत!"

अंगणात गलका झाला. मिरकोमिल-अकांनी कानावर हात ठेवले. मला काय ठाऊक, कोणीतरी चोरानं बदलली असतील, दलाल घिरट्या घालतच होता, असं काहीबाही बोलू लागले.

"चोर आला असता तर पिल्लं उचलून पळाला असता," मी म्हटलं. "बदली पिल्लं ठेवून तो कशाला थांबेल? बरं, ठेवली समजा. चोची का चेचल्या? रस्त्यावरच्या कबुतराची चोच लांब असते, बुवा. आंधळ्यालाही फरक कळेल. म्हणून ती ओळखू येऊ नये अशी चेचली. शिवाय बघणाऱ्याला मळमळून तो मान फिरवेल आणि दोष भरवणाऱ्या बाईवर जाईल. एका दगडात तिन्ही कामं झाली. आता सांगा, मेलेली पिल्लं कोणाला दाखवायची होती? शब्द ज्याला दिला होता त्याला. दाखवायची गरज चोराला होती, की शब्द देणाऱ्याला?"

मी अंगणातल्या झाडाकडे हात केला.

"आणि त्या तुतीखाली बघा. या घरात मेलेलं प्रत्येक पाखरू कापडात गुंडाळून पुरलंय. सगळ्यांत लाडकी ही दोन मात्र चहाच्या चोथ्यात सापडली. मिरकोमिल, पोटच्या पिल्लासारखी होती ना ती? मग केरात का टाकलीस? कारण मातीला तरी खोटं पाखरू द्यायला तुझा हात धजला नाही. सुनेला खोटं ठरवायला मात्र धजला!"

इतकी वर्षं मी त्याला अहो-जाहो केलं. त्या क्षणापासून माझ्या तोंडून ते निघेना, आणि आजही निघत नाही.

"मग खरी पिल्लं कुठं आहेत?" नेमत-बुवांनी विचारलं.

"कबुतराला दूध पचत नाही, होसियत," मी म्हटलं. "नवऱ्यानं कोठीत नेलेले वाडगे कोण खात होतं, ते बघ जा."

५

कोठीचं दार उघडलं आणि आंबूस वासाचा भपकारा आला. वाळवणाच्या पोत्यांमागे बुटांचं खोकं होतं. खोक्यात नासलेल्या दुधाचा चिखल, त्यात भिजलेला नान, आणि त्यात ती दोघं. एक मेलं होतं. त्याच्या डोळ्यांवरून मुंग्या जात होत्या. दुसऱ्याची गळ्याची पिशवी फुगून हिरवट झाली होती आणि ते मान उचलून उघड्या चोचीनं हवेतच काहीतरी शोधत होतं.

"पिसं भरेपर्यंत लपवायची होती," मिरकोमिल पुटपुटला. "मग पुढच्या वेताची म्हणून दाखवली असती. मी भरवत होतो. वाडगा समोर ठेवत होतो. खाईनात."

वाडगा समोर ठेवत होता! सबंध ताश्कंद याला उस्ताद म्हणतं. सगळ्या जन्मात पाखरांची चोच किती तोकडी करायची ते याला कळलं. पण पिल्लू आपणहून वाडग्यातलं खात नाही, एवढं कधी बघावंसं वाटलं नाही. मला ओकारी आली, आणि ती खोक्याच्या वासानं नव्हती.

मी तिथंच पिल्लाच्या गळ्यात नळी घातली, नासकं ओढून काढलं, कोमट पाण्यानं पिशवी धुतली. पाणी पोटात ठरलं तसं ते जरा सावध झालं आणि चोच वासू लागलं. सिरिंजनं पातळ लापशी देऊन पाहिली, पण ते नळीला तोंड लावेना. त्याला ओठांचीच सवय होती.

तोलिब-अकांनी हात जोडले. "शब्द माझा आहे, पण हे मला नको, बुवा. माझ्याकडे तरी कोण भरवणार याला?"

सगळ्यांनी मुहय्योकडे पाहिलं. मिरकोमिलनंही. त्याच्या चेहऱ्यावर चक्क अजिजी होती.

"सूनबाई, झालं गेलं विसरून जा. हे घर तुझंच आहे. घे पोरी, भरव त्याला. मरेल ते."

मुहय्योनं बोचकं खाली ठेवलं. सरळ सासूसमोर गेली, हात पुढे केले आणि होसियतनं काही न बोलता अब्बोसला तिच्या हातात दिलं. ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि तिनं ओढणीखाली पोराला घेतलं. सकाळपासूनचं रडणं एका घोटात थांबलं.

"माझ्या पिल्लाला भूक लागलीय, दादा," ती म्हणाली. "तुमच्याला तुम्ही भरवा."

"मी? तोंडानं?"

"दोख्तिर-ओपा, बाजरी किती चावायची ते सांगा यांना."

मी सांगितलं. आधी चूळ भरायला लावली, मग मूठभर दाणे हातावर ठेवले. नेमत-बुवा म्हणाले, "चाव, मिरकोमिल. आम्ही बसलोय." तो चावू लागला. मिशीतून लाळ गळू लागली. पातळ झाल्यावर त्यानं पिल्लू ओठांशी धरलं. त्या उपाशी जिवानं आख्खी मुंडी त्याच्या तोंडात खुपसली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. पिल्लू हिसके देत ओढत होतं, मिरकोमिलला उमासे येत होते, आणि सोडायची सोय नव्हती. मी मान फिरवली नाही. सगळं बघितलं.

"दिवसभर असंच," मी सांगितलं, "गळ्याची पिशवी रिकामी झाली की पुन्हा. आणि पुढच्या वसंतात त्या जोडीचं अंडं दाईखाली ठेवायच्या आधी आजचा दिवस आठव. स्वतः भरवायची तयारी नसेल तर जन्माला घालू नकोस."

अब्बोस पिऊन झाला. मुहय्यो उठली, ओढणी नीट केली, पोराला खांद्यावर टाकलं आणि बोचकं उचललं. एल्मुरोद पुढे झाला.

"कुठं निघालीस?"

"माहेरी. तुम्ही ठरवलंच होतं की. फक्त पोर माझ्याबरोबर येतंय." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "अंगण धुऊन झालं की या आम्हाला न्यायला. तेव्हा तुम्हाला काय वाटतं ते सांगा. दादांना काय वाटतं ते नको."

ती फाटकाकडे चालू लागली. कोणीच तिला अडवलं नाही. मिरकोमिलनं एक हात उंच केला, सुनेला थांब म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडात पिल्लाची चोच होती.